भेंडी न खाणारा रोबो

आमच्या क्वार्टर्सच्या गणपतीपुढे त्या वर्षी रोबो उभा करायचं ठरलं, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. खडकीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची ती वसाहत. मधल्या मैदानात मंडप पडायचा आणि गणपतीपुढे दरवर्षी काहीतरी देखावा असायचा. आदल्या वर्षी कालियामर्दन केलं होतं. नाग हलायचा, कृष्ण हलत नसे, आणि तिसऱ्या दिवसापासून नागही हलेनासा झाला. पेठांमधले देखावे बघायला लांबलांबून माणसं येत. आमच्याकडे खडकी बाजारातलंही कुणी फिरकत नसे.

रोबोची कल्पना शेजारच्या चाचांची. सगळी वसाहत त्यांना चाचाच म्हणे. ते मूळचे भवानी पेठेतले, घरात दखनी बोलायचे आणि बाहेर आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी. कारखान्याच्या नाटकात राजाचं काम ठरलेलं त्यांचं, कारण आवाज तसा होता. त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात भविष्य सांगणारा रोबो पाहिला होता. कानाला हेडफोन लावायचे, की रोबोच्या छातीवरचे दिवे लुकलुकायचे आणि भविष्य ऐकू यायचं. त्याच्या पोटात टेपरेकॉर्डर होता आणि तो येईल त्याला परदेशगमनाचा योग सांगत होता. चाचा म्हणाले, आपला रोबो टेप वाजवणार नाही, लोक विचारतील त्याचं उत्तर देईल. आवाज मी देतो, पडद्यामागून. फक्त सांगाडा करणारा माणूस पाहिजे.

तो माणूस म्हणजे आमचे हे.

यांच्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं. माझं माहेर खराडीचं. तेव्हा ते नदीकाठचं खेडं होतं, ज्वारी आणि भाजीपाला पिकवणारं. हे मला बघायला आले तेव्हा एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या वडिलांनी विचारलं, कारखान्यात कुठल्या खात्यात असता, तर उत्तर यांच्या मोठ्या बहिणीनं दिलं. पगार विचारला, तेही तिनंच सांगितलं. पाहुणे गेल्यावर माझी चुलती म्हणाली, "पोरगा बोलत न्हाई, पन हात बगितलेस का त्याचे? कामाचा हाय." एवढ्यावर लग्न ठरलं.

हे बोलताना अडतात हे मला लग्नानंतर कळलं. शब्द घशाशी यायचा आणि तिथंच थांबायचा. हे डोळे मिटून घ्यायचे, हनुवटी वर जायची, आणि समोरचं माणूस बिचारं यांच्यासाठी तो शब्द बोलून टाकायचं. मला वाईट वाटण्यापेक्षा नवल वाटलं, की हे मला आधी कुणीच कसं सांगितलं नाही. मग लक्षात आलं, सासरी तो विषयच नव्हता. यांच्या वाटचं कुणीतरी बोलायचं, एवढंच. सासऱ्यांचं कसब्यात सायकल दुरुस्तीचं दुकान, पलीकडे तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर. दिवसभर ठोकाठोकी चालायची. त्या गल्लीत गप्प राहणारा मुलगा कुणाला वेगळा वाटला नसावा.

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी कसब्यात निघालो तेव्हा यांनी बसमध्ये अलीकडच्या मनपा थांब्याचं तिकीट काढलं आणि तिथून पुढे आम्ही चालत गेलो. मला वाटलं, यांना चालायची आवड आहे. पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं, की शनिवारवाडा हा शब्द तोंडातून निघत नसे आणि मनपा निघत असे.

तर रोबो करायचं काम यांच्याकडे आलं आणि यांनी मान डोलावली. एका रविवारी आम्ही दोघं जुन्या बाजारात गेलो. मोटारीच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटर मिळाली, स्कूटरचे मागचे लाल दिवे मिळाले. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे वसाहतीतूनच गोळा झाले. कामावरून आले की हे चहा पिऊन गॅलरीत बसायचे. मी चंदेरी रंग लावायला मदत करायची. वायपरच्या मोटरनं त्याची मान डावी-उजवीकडे फिरे. स्कूटरचे दिवे म्हणजे डोळे. तोंडाच्या जागी बारीक बल्बांची ओळ बसवली होती. माइकवर कुणी बोललं की त्या आवाजाबरोबर ते बल्ब उघडझाप करत, त्यामुळे रोबोच बोलतोय असं वाटे. हे कसं केलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायचं सुचलंही नाही.

मंडळाचे अध्यक्ष स्टोअरमध्ये कारकून होते. मूळचे सदाशिव पेठेतले, तिथली जीभ बरोबर घेऊन आलेले. तयार झालेला रोबो त्यांनी चहूबाजूंनी बघितला आणि म्हणाले, "छान झालाय. फक्त खाली पाटी लावा, नाहीतर लोक गॅस संपला म्हणून बदलून न्यायला येतील."

हे हसले आणि रोबोला दोन हात जास्तीचे लावले. म्हणजे आधी हातच नव्हते.

गणपती आणायच्या दिवशी चाचांनी घोटाळा केला. खडकी बाजारापासून मैदानापर्यंत मिरवणुकीपुढे त्यांनी अशा काही आरोळ्या ठोकल्या, की दुपारपर्यंत त्यांचा आवाज पार बसला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, चाचींनी आल्याचा काढा दिला. संध्याकाळी मंडप भरला तेव्हा त्यांच्या घशातून नुसता वारा येत होता. तरी आरती होईपर्यंत आवाज सुटेल, या आशेवर सगळे होते.

मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. मंडपाच्या मागे एक छोटी सामानाची खोली होती. तिथं माइक होता आणि बाहेरचं दिसावं म्हणून पडद्याला भोक ठेवलं होतं. आत हे होते, तारांकडे लक्ष द्यायला. आरती झाली. अध्यक्षांनी रोबोची ओळख करून दिली आणि ज्याला काही विचारायचं असेल त्यानं पुढे यावं म्हणून सांगितलं. एक लहान मुलगी पुढे आली. तिनं विचारलं, "तू कोण?"

रोबोची मान फिरली, डोळे पेटले, पण आवाज नाही. तिनं पुन्हा विचारलं. मागून कुणीतरी हसलं. अध्यक्ष खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

मग तोंडाचे बल्ब लागले. "मी. यं-त्र-मा-नव." आवाज सपाट होता, चढ नाही, उतार नाही, प्रत्येक अक्षर घड्याळाच्या ठोक्यासारखं सुटं. "माझे वडील वायपर. माझी आई जुना बाजार."

मंडपात हशा पिकला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, चाचांचा आवाज लागला बाई एकदाचा. मलाही तेच वाटलं.

मुलीनं विचारलं, "तू काय खातोस?"

"वीज खातो. वीज गेली तर पोळी खातो. भाजी कोणतीही चालते. भेंडी नको."

लोक पुन्हा हसले. मीही हसत मागे वळून बघितलं, तर मंडपाच्या दाराशी चाचा उभे. गळ्याला मफलर, हातात काढ्याचा पेला. ते तोंड उघडं टाकून रोबोकडे बघत होते.

माझं हसू थांबलं. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. आणि भेंडी! खराडीहून माझा भाऊ दर आठवड्याला पिशवीभर भेंडी आणून द्यायचा, घरच्या वावरातली, कोवळी. मी ती कधी कापं करून, कधी चिंच घालून, कधी भरून करायची. हे ताटातली भेंडी सगळ्यात आधी संपवत. मला वाटायचं, आवडते म्हणून. वर्षभर मी यांना पुन्हा पुन्हा वाढत होते.

माझे डोळे भरून आले, पण ते रडू होतं की हसू, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या रात्री हे जेवायला आले तेव्हा ताटात दुधी होता. यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भ... भेंडी?"

"संपली," मी म्हटलं.

जेवताना यांचे कान लाल झाले होते.

पुढे यांनी मला सांगितलं, की देखाव्याआधी माइक तपासताना काय झालं होतं. खोलीत एकटेच होते, तरी 'हॅलो' म्हणताना अडले. मग गंमत म्हणून रोबो कसा बोलेल तसं बोलून बघितलं, एकेक अक्षर तोडून, एकाच सुरात. आणि शब्द निघाले. यांनी भीतभीत आणखी एक वाक्य म्हटलं. तेही निघालं. मग शनिवारवाडा म्हणून बघितलं. कितीतरी वेळा म्हटलं. कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत चाचांचा घसा मोकळा झाला. ते मला जिन्यात भेटले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "भाभी, भाऊंना सांगा, माझा आवाज अजून बसलेलाच आहे." त्यानंतर सगळा उत्सवभर ते संध्याकाळी घरात दार लावून बसले. लोकांना वाटत राहिलं, की माइकवर तेच आहेत. नाटकात काम मिळालं नाही तर दोन दिवस न जेवणारा तो माणूस, पण त्यानं एवढा भरलेला मंडप दुसऱ्याला देऊन टाकला आणि वर घसा धरून फिरला.

बघता बघता गर्दी वाढली. खडकी बाजारातून लोक आले, पलीकडच्या बोपोडीतून आले. मी रोज पुढची जागा धरून बसायची. आमचे हे विनोदी आहेत हे मला पत्र्याच्या डब्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी एकदा मोठ्या ऐटीत विचारलं, की माझं प्रमोशन कधी होणार. रोबोनं मान पूर्ण डावीकडे नेली, पूर्ण उजवीकडे आणली आणि म्हणाला, "रोबोला खोटं बोलता येत नाही. पुढचा प्रश्न." अध्यक्ष स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. एका आजींनी उखाणा घ्यायला सांगितला, तर म्हणाला,

"डोक्यात माझ्या तारा, पोटात माझ्या वारा,
बॅटरीबाई रुसल्या तर बंद माझा पसारा."

बायका पदर तोंडाला लावून लोटपोट झाल्या. आमच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा यांच्या बहिणीनं, त्याला ते आवडत नाही, म्हणून विषय टाळला होता. मला तेव्हा जरा लागलं होतं. आता मी सतरंजीवर बसून विचार करत होते, की हा माणूस माझ्या घरात वर्षभर राहतोय आणि मी त्याला भेटलेच नाही.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मंडपात मी जागेवरून उठले. का उठले ते माहीत नाही. नवी सून म्हणून मी तोवर चारचौघांत कधी बोलले नव्हते. मी रोबोसमोर जाऊन उभी राहिले. मला यांना अहो म्हणायची सवय. पण रोबोला कुणी अहो म्हणत नाही.

"तुला एवढं बोलता येतं," मी म्हटलं, "मग एरवी तू गप्प का असतोस?"

नवऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा तू म्हटलं, आणि तेही अख्ख्या वसाहतीसमोर. पडद्याच्या भोकातून यांना मी दिसत असणार. बल्ब लागले नाहीत. मान फिरत होती, मोटरचा घुर्र आवाज येत होता. मग उत्तर आलं.

"एरवी मला कुणी काही विचारत नाही."

लोकांना वाटलं, की दिवसभर मंडपात नुसत्या उभ्या राहणाऱ्या रोबोचा हा विनोद आहे. ते हसले, टाळ्याही वाजल्या. मी सतरंजीवर परत येऊन बसले.

खरंच होतं ते. यांना त्रास होऊ नये म्हणून कुणी काही विचारत नसे. माझ्याकडूनही तेच होत होतं. चहा हवा का, याला मान हलवून उत्तर देता येतं, म्हणून तेवढेच प्रश्न घरात उरले होते.

विसर्जनाच्या मिरवणुकीत चाचांनी सगळ्यांना खरं सांगून टाकलं. लोकांनी यांना उचलून घेतलं, गुलालानं माखलं. अध्यक्षांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्याइतकं स्पष्ट बोलणारा माणूस मंडळात दुसरा नाही. पुढच्या वर्षीपासून वर्गणीचं बघा." यांनी रोबोच्या आवाजातच नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी घरात प्रश्न विचारायला लागले. साधेच. आज डब्यात काय कमी पडलं, लहानपणी सगळ्यात जास्त कुणाला घाबरायचात, समुद्र पाहिलाय का. उत्तर यायला कधीकधी भाजी चिरून व्हायची. पण यायचं. मला कळलं, की शाळेत हजेरीला 'हजर' म्हणता येत नाही म्हणून हे कितीतरी दिवस वर्गात असून गैरहजर लागले होते. आणि सासऱ्यांच्या दुकानात आलेल्या प्रत्येक सायकलीला यांनी मनातल्या मनात नाव ठेवलं होतं. एक सायकल तर माझ्या नावाची निघाली, माझी ओळख व्हायच्या कितीतरी आधीची. ती सारखी पंक्चर व्हायची म्हणे.

रोबो मात्र पुढे चालला नाही. कारखान्यात काही जणांना नवीन खेळ मिळाला. हे कँटीनमध्ये शिरले की कुणीतरी टेबलावरून तुटक आवाजात हाक मारायचं. पहिल्यांदा हे हसले. मग हसायचं थांबले. मग डबा मशिनपाशीच खायला लागले. पुढच्या गणपतीला मंडळानं महाल केला, आणि यांना बरंच वाटलं. त्यानंतर मी यांच्या तोंडून तो आवाज बरीच वर्षं ऐकला नाही.

आमची मुलगी झाली ती बोलकी. दीड वर्षाची असताना गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. चार वर्षांची होता होता एक दिवस तिचा शब्द अडला. 'बाबा' म्हणताना पहिलं अक्षर सुटेना. मला वाटलं, खेळतेय. मग ते रोज व्हायला लागलं. तीही डोळे मिटायला लागली, थेट यांच्यासारखी.

यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून हे घरात गप्प झाले. तिच्या कानावर आपलं बोलणं पडू नये म्हणून तिच्यासमोर एक शब्द काढत नसत. खुणा करत. ती मांडीवर येऊन बसली की तिला उचलून माझ्याकडे देत. यांच्या बहिणीनं वेखंड पाठवलं, ते उगाळून मी मुलीच्या जिभेला लावलं. ती रडली आणि आणखी अडायला लागली.

चाचींनी कुणाकडून तरी चौकशी करून आणली, की कॅम्पातल्या एका दवाखान्यात बोलण्याचे दोष बघणाऱ्या एक बाई आहेत. मी मुलीला घेऊन गेले. बाई वयस्कर होत्या, आवाज मऊ. मुलीशी त्या अर्धा तास भातुकली खेळल्या. मग मला विचारलं, घरात आणखी कुणी अडतं का. मी सांगितलं, हिचे वडील. आणि आता ते घरात बोलतच नाहीत, हेही सांगितलं. त्यांनी पुढच्या वेळेला यांना घेऊन यायला सांगितलं.

हे आले, खुर्चीच्या अगदी कडेला बसले. बाईंनी यांना काही बोलायला लावलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं ऐकून ती अडखळणं शिकत नाही. पण तुम्ही गप्प बसलात, तर गप्प बसणं नक्की शिकेल."

लहान मुलांचं अडणं पुष्कळदा आपोआप जातं, कधी जात नाही, असंही त्यांनी सांगितलं. तिच्याशी सावकाश बोला, तिचं वाक्य तिला पुरं करू द्या, घाई करू नका. बसच्या थांब्यावर हे बराच वेळ मुलीचा हात धरून उभे होते. बस आली, आम्ही चढलो, कंडक्टर आला.

"ख-ड-की," हे म्हणाले. "दोन. फुल. एक. हाफ."

कंडक्टरनं वर बघितलं. मुलगी यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिनं तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. तिनं यांचा शर्ट ओढला आणि म्हणाली, "मी. पण. हाफ. आहे." एकही अक्षर अडलं नाही.

घरी येईपर्यंत दोघं तसंच बोलत होते. पुलावरून जाताना, ही. मुठा. नदी. नदीत. पाणी. कमी. आहे. बसमधले लोक वळून बघत होते. कँटीनमधल्या हाकांनी जेवणाची जागा बदलणारे हे, त्या दिवशी यांना बसमधले लोक दिसतच नव्हते.

मग रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत दोन रोबो बसायला लागले. मोठा रोबो आणि हाफ रोबो. मला स्वयंपाकाचं यंत्र केलं होतं आणि मी आज्ञा घेतल्याशिवाय पोळ्या लाटायच्या नाहीत असा नियम होता. चाचा यायचे ते परग्रहावरचे पाहुणे म्हणून यायचे आणि आपल्या खणखणीत आवाजात राजासारखे बोलून सगळा खेळ बिघडवून टाकायचे. हळूहळू मुलगी खेळ सोडून एरवीही मोकळी बोलायला लागली. आधी गाणी म्हणताना, मग भांडताना, मग सगळीकडेच. खेळामुळे झालं, बाईंच्या सांगण्यामुळे झालं की व्हायचंच होतं, मला माहीत नाही. बाईंनाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, झालं ना, मग बसा आनंदात.

शाळेत जायला लागली त्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळी हे तिला गोष्ट सांगत होते, बिनतिकिटाच्या शेळीची. ही गोष्ट यांचीच, रोज थोडी थोडी वाढवलेली. रोबोच्या आवाजात सुरुवात केली. एक. शेळी. होती. तेवढ्यात मुलीनं यांच्या तोंडावर हात ठेवला.

"बाबा, रोबोच्या आवाजात नको. तुमच्या आवाजात सांगा."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, ती घालत राहिले.

"व... वेळ लागेल," हे म्हणाले.

"लागू दे," ती म्हणाली.

मग यांनी ती गोष्ट सांगितली. शेळी बसमध्ये चढली तिथपर्यंत ठीक गेलं. कंडक्टर या शब्दाशी हे अडले. डोळे मिटले, हनुवटी वर गेली. मुलगी यांच्या शर्टाचं बटण फिरवत बसून राहिली. घाई नाही, कंटाळा नाही. शब्द बाहेर आला तेव्हा ती फक्त म्हणाली, "मग?" गोष्ट संपेपर्यंत माझ्या सगळ्या घड्या घालून झाल्या होत्या, आणि मी त्यातल्या काही मोडून पुन्हा घातल्या.

आता हे सत्तरी ओलांडून गेले आहेत. मुलगी खराडीला उंच इमारतीत राहते, तिथल्याच एका कंपनीत काम करते. जावई कानपूरकडचा, नात दोन्ही भाषा मिसळून बोलते. चाचा गेले. चाची लेकाकडे कोंढव्याला असतात, ईदला आमच्याकडे शीरखुर्मा येतो.

मागच्या महिन्यात मुलीनं आम्हाला जेवायला एका हॉटेलात नेलं, कारण तिथं रोबो वाढायला येतो. पांढराशुभ्र, गुळगुळीत, चेहऱ्याच्या जागी पडदा आणि त्यावर हसरे डोळे. पोटातल्या कप्प्यांत डोशाच्या ताटल्या घेऊन तो टेबलांमधून चालला होता. हे उठून त्याच्या वाटेत जाऊन उभे राहिले. तो थांबला आणि कुठल्याशा पोरीच्या गोड आवाजात इंग्रजीत म्हणाला, कृपया वाट द्या.

"तुझं न... नाव काय?" यांनी विचारलं.

तो म्हणाला, कृपया वाट द्या.

वेटर धावत आला. "काका, तो ऐकत नाही, फक्त बोलतो."

हे बाजूला झाले, जागेवर येऊन बसले, पाणी प्यायले. "म्हणजे अ... अर्धाच केलाय," हे म्हणाले. नात इतकी हसली की तिच्या नाकात सांबार गेलं. जावयाला कळलं नाही, त्याला मुलीनं हिंदीत सांगितलं, मग तो उशिरानं हसला.

जेवण झाल्यावर निघालो, तर हे मागेच राहिले. बघते तर रोबोपाशी वाकून त्याची चाकं बघत होते आणि मॅनेजरला विचारत होते, की वाट कशी ओळखतो, माणूस पुढे आलेलं कशानं कळतं. एकेका शब्दाला वेळ लागत होता. रविवारची गर्दी होती, दाराशी लोक टेबलाची वाट बघत होते. तो विशीबाविशीतला मॅनेजर हातातली मेनूकार्डं छातीशी धरून उभा होता आणि यांचा प्रश्न पुरा व्हायची वाट बघत होता. लिफ्ट आली. आमची मंडळी आत शिरली, मुलीनं दार धरून मला खूण केली. मी तिला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो.